विचारून घडविणारे गुरू : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या वाटेने गणपतीपुळ्याकडे जाऊ लागले म्हणजे मध्ये आरे आणि वारे ही दोन गावे लागतात. दोहोंच्या मध्ये डोंगराचा एक सोंड समुद्रात उतरला आहे. त्याच्या माथ्यावरून पाहिले असता एका हातास आऱ्याची पुळण, दुसऱ्या हातास वाऱ्याची पुळण, मागे सुरूची बने आणि समोर अफाट सागर असा देखावा दिसतो, आणि पाहणारा घटकाभर बोलणे विसरतो. गेल्या मार्गशीर्षात आमच्या शाळेतील काही विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. आमच्यासमवेत सेवानिवृत्त झालेले एक वृद्ध शिक्षकही होते.

खाडीवरील पुलाशी आम्ही थांबलो असता, घाटावरून नुकताच आमच्या शाळेत आलेल्या एका मुलाने विचारले की, हे पाणी खारे की गोडे? आम्ही उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, तोच त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांस हाताने थांबविले आणि मुलासच उलट विचारले की, ते तुला कसे कळेल? मुलगा क्षणभर गोंधळला. मग उतरून खाली गेला, ओंजळीतले पाणी जिभेस लावले आणि तोंड वेडेवाकडे करीत परत आला. सर्व मुले हसली. परंतु गुरुजी हसले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न केला : संध्याकाळी ओहोटी लागल्यावरही पाणी इतकेच खारे असेल काय? या प्रश्नाने मात्र सगळ्याच मुलांस पछाडले. त्या दिवशी पुळणीवर खेळ झाले, वनभोजन झाले, पण मुलांचे लक्ष राहून राहून खाडीकडे जात होते.

आम्ही मनात खजील झालो. इतकी वर्षे आम्ही शिकवीत आहो. मुलाने विचारावे आणि आम्ही तत्काळ सांगून मोकळे व्हावे, यातच आपले कर्तव्य संपले असे आम्ही मानीत आलो. सांगितलेले उत्तर मुलाच्या वहीत राहते. शोधून काढलेले उत्तर त्याच्या अंगात मुरते. हा भेद ज्यांनी ओळखला आणि ज्यांच्या प्रश्नांतून या महाराष्ट्रात मोठमोठी माणसे घडली, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र त्या रात्री आमच्या मनात घोळू लागले. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होत. आज कारखान्यांतून व कचेऱ्यांतून वरिष्ठांनी केवळ हुकूम न सोडता हाताखालच्या माणसांस प्रश्न विचारून तयार करावे, असे नव्या व्यवस्थापनशास्त्राचे पंडित सांगत असतात. आपल्याकडे हे काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एका न्यायाधीशाने करून दाखविले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे बालपण कोल्हापुरास गेले. लहानपणी ते मंद व अबोल वाटत; हा मुलगा पुढे काय करील, याची आईस चिंता असे. त्यांच्या बाळपणाची एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. एकदा खेळावयास कोणी गडी नव्हता, तेव्हा त्यांनी घरातील खांबालाच गडी केले आणि सोंगट्यांचा डाव मांडला. खांबासाठी ते उजव्या हाताने खेळत आणि स्वतःसाठी डाव्या हाताने. शेवटी डाव खांबाने जिंकला! पाहणाऱ्यांनी थट्टा केली, परंतु हरलो हे कबूल करण्यात त्या बालकास काही कमीपणा वाटला नाही. आम्हांस वाटते, या एका खेळात पुढचे सर्व रानडे आहेत. समोरच्या मुक्या पक्षालाही आपला चांगला हात द्यावयाचा, त्याच्या बाजूने आधी विचार करावयाचा, ही त्यांची सवय जन्मभर टिकली. ज्यास खरा प्रश्न विचारावयाचा आहे, त्यास ही सवय प्रथम लागते. कारण उत्तर आपल्याच बाजूचे यावे अशी ज्याची इच्छा असते, तो प्रश्न विचारीत नसून हुकूमच सोडीत असतो.

पुढे शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत ते होते. १८६२ साली ते बी. ए. झाले, नंतर एम. ए. आणि १८६६ साली कायद्याचे पदवीधर झाले. वाचनाच्या अतिरेकाने त्यांचे डोळे अधू झाले आणि काही काळ त्यांस दुसऱ्यांकडून वाचून घ्यावे लागले. याच विद्यार्थिदशेत एक प्रसंग घडला. मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना करणारा एक निबंध त्यांनी लिहिला व त्यात मराठ्यांच्या राज्यास झुकते माप दिले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान व त्यांच्यावर लोभ करणारे गृहस्थ होते. पण हा निबंध पाहून त्यांनी माधवरावांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. हे मत तुम्ही कोणत्या आधारावर बनविले, असे विचारून शिष्याची परीक्षा घेता आली असती. परंतु त्या जागी शिक्षा आली. माधवरावांनी गुरूंविषयीचा आदर मुळीच कमी होऊ दिला नाही, आणि आपले मतही सोडले नाही. चाळीस वर्षांजवळ काळ लोटल्यावर, १९०० साली, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. शिक्षेने प्रश्न मिटत नाही, तो पुढे ढकलला जातो, एवढाच याचा अर्थ.

काही काळ अध्यापन व संस्थानांतील नोकरी केल्यावर १८७१ साली ते पुण्यास न्यायखात्यात आले. तेथे आदल्याच वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे तिचे प्राण होते. माधवराव तिची बुद्धी बनले. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात सभेने गावोगाव आपली माणसे धाडली, लोकांच्या हालाची माहिती विचारून गोळा केली आणि ती वेळोवेळी सरकारपुढे ठेवली. १८७८ साली सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यातील बहुतेक लेख माधवरावांचेच असत, परंतु त्यांखाली त्यांचे नाव नसे. ते लेख आज वाचले तरी त्यांची रीत ध्यानात येते. प्रथम आकडे, मग ते आकडे कोठून आले याची फोड, मग विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी, आणि शेवटी आपला निर्णय. जणू काय खांबाचा डाव अजून चाललाच होता.

आता त्यांच्या घरात डोकावून पाहू. १८७३ साली त्यांच्या प्रथम पत्नी निवर्तल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी आता विधवेशीच विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. या गोष्टीबद्दल त्यांस त्या वेळी बोल लागला आणि अजूनही लागतो. तो झाकण्याचे आम्हांस कारण नाही. थोर पुरुषांचे चरित्र म्हणजे निर्दोष माणसाचे चित्र नव्हे. मात्र त्यानंतर त्यांनी जे केले तेही सांगितले पाहिजे. लग्नाच्या दिवशी रात्री त्यांनी त्या लहानग्या मुलीस उपदेश केला नाही. त्यांनी तिला प्रश्न विचारले. आपला विवाह कोणाशी झाला, त्याचे नाव काय, हे तिला ठाऊक आहे काय, असा पहिला प्रश्न होता. पतीचे नाव घेणे ज्या काळी अमर्याद समजत, त्या काळी त्या मुलीने धिटाईने नाव सांगितले. नंतर तिला लिहिता-वाचता येते काय, हे त्यांनी विचारले. येत नाही असे कळताच त्याच रात्री पाटीवर धुळाक्षरांस आरंभ झाला. आधी विचारले, कोठवर येते हे जाणून घेतले, आणि तेथूनच शिकविण्यास प्रारंभ केला, हा क्रम आमच्या शिक्षकबंधूंनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी रमाबाईंच्या वाचनास पुष्कळ विरोध केला, टोमणे मारले. त्यांनी ते मुकाट्याने सोसले आणि अभ्यास चालू ठेवला. ज्या मुलीला विवाहसमयी अक्षरओळख नव्हती, तीच पुढे पतीच्या अधू डोळ्यांचे काम करू लागली, त्यांस वाचून दाखवू लागली. माधवरावांच्या मागे त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य उभारले आणि १९१० साली आपल्या आयुष्यातील आठवणी प्रसिद्ध केल्या. विवाहाच्या रात्रीचे ते प्रश्न आज आपल्याला ठाऊक आहेत ते याच पुस्तकामुळे.

परंतु माधवरावांच्या या रीतीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा एक सुपुत्र होय. आरे-वाऱ्यावरून किनारा उत्तरेस धरून गेल्यास गणपतीपुळे, मालगुंड व जयगड लागते. शास्त्री नदीची खाडी ओलांडली की गुहागर तालुका येतो. त्यात कोतळूक नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. बालपणीच वडील गेले; वडील बंधू गोविंदराव यांनी आपल्या पंधरा रुपये पगारातून दरमहा आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणास दिले. १८८४ साली पदवी मिळवून गोपाळराव पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथील एका समारंभात ते दाराशी उभे होते आणि तिकिटाशिवाय कोणास आत सोडावयाचे नाही अशी त्यांस आज्ञा होती. माधवराव तिकीट न घेता आले, तेव्हा या तरुणाने त्यांसही थांबविले, अशी गोष्ट सांगतात. गुरुशिष्यांची गाठ अशी पडली.

१८८७ च्या सुमारास गोपाळराव माधवरावांच्या हाताखाली काम करू लागले आणि माधवरावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, ती शिकवणी चालली. त्रैमासिकाचे संपादन व पुढे सभेचे चिटणीसपद गोपाळरावांकडे आले. सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ वाचावयाचे, त्यांतून टिपणे काढावयाची, लेख लिहावयाचा, तो गुरूंच्या तपासणीस द्यावयाचा आणि पुन्हा लिहावयाचा, असा तो क्रम असे. हा आकडा कोणत्या साली कोणी घेतला? त्यापूर्वीच्या दहा वर्षांत काय स्थिती होती? सरकारच्या बाजूने बोलणारा मनुष्य यावर काय म्हणेल? ज्या शाळेत हे प्रश्न पाठ्यपुस्तकासारखे असतात, तेथे घाईने मत देण्याची कोणाची छाती होणार? सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हेही अर्थशास्त्राचे मोठे अभ्यासक होते, आणि गोपाळरावांस त्यांचाही लाभ झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांचा गैरसमज होईल. माधवराव प्रत्येक वेळी प्रश्नास प्रश्नानेच उत्तर देत, असे नव्हे. १८९१ साली सोलापूर व विजापूर या बाजूस टंचाई पडली. सभेने अतिशय श्रमाने माहिती जमवून सरकारकडे अर्ज पाठविला. सरकारकडून दोन ओळींचे उत्तर आले की, मजकूर ध्यानात घेतला आहे. तरुण गोपाळरावांचा फार हिरमोड झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरावयास जाताना त्यांनी गुरूंस विचारले की, सरकार जर असेच उत्तर देणार, तर एवढा खटाटोप कशासाठी करावयाचा? येथे माधवरावांनी सरळ उत्तर दिले. हे अर्ज नावाला सरकारसाठी असतात, खरे पाहता ते आपल्या लोकांसाठी असतात. अशा विषयांवर विचार कसा करावा हे लोकांनी शिकावयाचे आहे, आणि त्यासाठी पुष्कळ वर्षे फळाची आशा न धरता काम केले पाहिजे, अशा आशयाचे ते उत्तर होते. मन खचलेल्या माणसास कोडी घालावयाची नसतात, त्यास आधार द्यावयाचा असतो. कोठे विचारावे आणि कोठे सांगावे, हे ज्यास कळते तोच खरा गुरू.

या विद्येची कसोटी १८९७ साली लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोपाळराव विलायतेस गेले. वय अवघे तिशीचे. कमिशनच्या सभासदांनी त्यांची कसून उलटतपासणी केली; परंतु जो स्वतःच्याच लेखाची वर्षानुवर्षे उलटतपासणी करीत आला, त्यास परक्याच्या प्रश्नांचे भय कसले? ते उत्तम रीतीने पार पडले.

आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याच शिष्याच्या हातून चूक झाली. पुण्यात प्लेगचा कहर होता. त्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे पुण्याहून मित्रांनी त्यांस पाठविली. मन पेटून उठले आणि गोपाळरावांनी ती हकीकत विलायतेतील वर्तमानपत्रास दिली. मोठी खळबळ उडाली. मायदेशी परतल्यावर पुरावा शोधू लागले, तो पुढे येऊन शपथेवर सांगण्यास कोणी तयार होईना. आता काय करावयाचे? आपले शब्द तसेच ठेवावे, तर जे सिद्ध करता येत नाही ते खरे म्हटल्यासारखे होते. मागे घ्यावे, तर भ्याड म्हणवून घ्यावे लागते. त्यांनी ऑगस्ट महिन्यात जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांची निर्भर्त्सना केली. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्येही त्यांस हा रोष सोसावा लागला.

या प्रसंगाविषयी तेव्हाही मतभेद होता व आजही आहे. लोकांचे हाल खरे होते, यात संशय नाही. परंतु आम्ही विद्यार्थ्यांस एवढेच दाखवू इच्छितो की, ज्याने सरकारचा एकही आकडा न तपासता स्वीकारला नाही, त्याने मित्रांची पत्रे मात्र न तपासता स्वीकारली. शत्रूस प्रश्न विचारणे सोपे. आपल्या माणसास, आणि त्याहून आपल्या संतापास, प्रश्न विचारणे कठीण. चौदा वर्षांच्या शिकवणीतील हा धडा गोपाळरावांस सर्वांत महाग पडला.

अमरावतीहून परतताना आगगाडीच्या डब्यात गुरू आणि शिष्य दोघेच होते. पहाटे चारच्या सुमारास कसल्याशा आवाजाने गोपाळराव जागे झाले. पाहतात तो माधवराव उठून बसले आहेत आणि टाळ्या वाजवीत तुकोबांचे अभंग पुन्हा पुन्हा म्हणत आहेत. आवाज काही गोड नव्हता, पण त्यातील भक्तीने गोपाळरावांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पुढे त्यांनी ही आठवण जाहीर भाषणात सांगितली. ज्याच्यावर चहूंकडून दगड पडत होते, त्या शिष्यास त्याच्या गुरूने दूर लोटले नव्हते. चूक दाखविणारा आणि चुकल्यावर शेजारी बसणारा मनुष्य एकच असला, म्हणजे त्याचे प्रश्न बोचत नाहीत.

१८९३ पासून मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती असलेले माधवराव १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी गोपाळराव वरिष्ठ कायदेमंडळात गेले आणि १९०२ च्या मार्च महिन्यात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकार त्यावर संतुष्ट होते. गोपाळरावांनी साधा प्रश्न केला की, प्रजा दुष्काळाने व प्लेगने गांजलेली असता ही शिल्लक आली कोठून? मिठावरील जाचक कर कमी करावा, हा त्यांचा आग्रह वर्षानुवर्षे चालू राहिला. तो कर १८८८ पासून मणास अडीच रुपये होता. १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड व १९०७ साली एक रुपया असा उतरत गेला. यात इतरांचेही प्रयत्न होते. पण गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठाचा हिशेब विचारणारा आवाज कोतळूकच्या पुत्राचा होता, आणि त्या आवाजास वळण पुण्याच्या न्यायाधीशाने लावले होते.

१२ जून १९०५ रोजी गोपाळरावांनी भारत सेवक समाज स्थापिला. तेथे येणाऱ्या तरुणांस पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. अभ्यास आधी, व्याख्याने मागून. १९१५ साली आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींसही त्यांनी एक वर्ष देश हिंडून पाहण्यास व तोवर जाहीर बोलू नये असे सुचविले, आणि गांधीजींनी ते पाळले. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीस गोपाळराव गेले. परंतु आधी पाहा, विचारा, तपासा, मग बोला, ही परंपरा पुढे गेली.

असो. पालकहो, मूल शाळेतून घरी आले की किती गुण मिळाले, हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. त्याऐवजी आज काय समजले नाही, असे एकदा विचारून पाहावे, आणि उत्तर ऐकताना कपाळास आठी घालू नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, कोणीतरी सांगितले, कोठेतरी छापून आले, एवढ्यावर विश्वास ठेवून मन भडकू देऊ नका. खांबाच्या बाजूनेही एक डाव खेळून पाहा.

त्या दिवशी आरे-वाऱ्यावर सूर्य कलला, ओहोटी लागली आणि मुले पुन्हा पुलाखाली उतरली. पाणी चाखून त्यांच्यात दोन तट पडले. काही म्हणाली खारेपणा कमी झाला आहे, काही म्हणाली तितकाच आहे. तेवढ्यात त्या घाटावरच्या मुलाने विचारले की, मग पावसाळ्यात कसे असेल? सर्वांनी आमच्याकडे पाहिले. उत्तर आमच्या जिभेवर आले होते. परंतु आम्ही ते गिळले आणि आषाढात पुन्हा येऊ, एवढेच सांगितले.